आठ सुरुंग

बंकटनं ते विचारलं बशीत चहा ओतता ओतता, मान वर न करता. तुमच्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं असं विचारावं, तितक्या सहज. "बाबा, त्या विहिरीत तुमच्या येळचा एखादा सुरुंग ऱ्हायलेला तर न्हाई ना? कंप्रेसरवाला इचारीत व्हता." आणि मग त्यानं बशीवर फुंकर घातली.

बद्रीनाथच्या हातातला कप हलला नाही. पंचाहत्तरी गाठली तरी हात सुताराचा होता, चहा सांडावा असा थरथरणारा नव्हता. पण रंधा सरळ चाललेला असावा आणि लाकडाच्या पोटात कुणी कधीकाळी मारून विसरलेल्या खिळ्यावर पातं अडावं, तसं आत काहीतरी खट्‌कन अडलं. त्यानं कप खाली ठेवला. समोर भिंतीला लागून निळे पिंप ओळीनं उभे होते. अंबाजोगाईत त्या उन्हाळ्यात नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं, म्हणून त्याची पुतणी शिवकन्या हिनं बसायच्या खोलीतसुद्धा पिंप आणून ठेवले होते. ती पलीकडं खाटेवर परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिची आई, सिंधुबाई, सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होती. तिचा पदर पुढं ओढलेला होता. बद्रीनाथ खोलीत असला की तो तसाच असायचा. ती त्याच्या धाकट्या भावाची विधवा, थोरल्या दिरासमोर बसावं तशी बसायची. घरात तिघंच. शिवकन्याचा नवरा राधाकिशन नोकरीपायी परळीला असे आणि रविवारी येई.

बंकट हा गावच्या मोहनरावांचा नातू. मोहनराव म्हणजे पाटील आणि सोसायटीचे पहिले चेअरमन. ते जाऊन आता वीस वर्षं झाली. गाव सिरसाळ्याकडं. आल्या आल्या त्यानं सगळी हकीकत सांगून टाकली होती. सोसायटीची विहीर यंदा मार्चमध्ये आटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचा तळ दिसला. आता आणखी पंधरा फूट खाली जायचं ठरलंय, सिरसाळ्याहून यंत्र आणून ठेवलंय, उद्या सकाळी काम सुरू. आणि सोसायटीच्या सगळ्या लोकांचं एकच म्हणणं पडलं, की पहिला नारळ बाबांच्या हातानं फुटला पाहिजे. ज्यांनी पाणी काढून दिलं, ज्यांनी त्या पाण्यापायी सख्खा भाऊ दिला, त्यांच्याच हातानं. गाडी उद्या सात वाजता दाराशी येईल. एवढं सांगून झालं, चहा आला, आणि मग तो प्रश्न आला.

न्हाई म्हणायचं. एवढंच. "न्हाई बाबा, तवाच समदे उडाले," असं म्हणायचं, आणि बंकट उरलेला चहा पिऊन उठला असता. ते वाक्य बद्रीनाथच्या ओठांवर तयार होतं. चाळीस वर्षं तयार होतं.

तळ दिसला म्हणाला हा. बद्रीनाथला ते आधीच ठाऊक होतं. पाऊस कमी झाला की लोकांना पेरणीची काळजी लागते, गुरांची लागते. त्याला त्या विहिरीच्या तळाची लागायची. शहाऐंशी साली लागली होती, दोन हजार तीन साली लागली होती. गावाकडून कुणी दवाखान्याच्या कामानं अंबाजोगाईत आलं, की तो पोरंबाळं, तब्येत-पाणी विचारून झाल्यावर हळूच विचारायचा, सोसायटीच्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या? लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा जीव त्या विहिरीत अडकलाय. आणि विहिरीला दोन माणूस पाणी आहे म्हटलं, की तो त्या दिवशी दोन घास जास्त खायचा. त्याच्या लेखी पाणी पिण्यासाठी नव्हतंच. ते झाकण्यासाठी होतं.

गेल्या दिवाळीपासून तो रोज विचारत होता. पौष महिन्यात एकानं सांगितलं की खालच्या चार पायऱ्यांपर्यंत आलंय. मग त्यानं विचारणं सोडलं.

विहिरी त्यांच्या घराला नव्या नव्हत्या. बद्रीनाथचा आजा मोटेची चाकं करायचा. निजामाच्या राजवटीत सहा गावांच्या विहिरींवर त्याची चाकं कुरकुरत होती, आणि आजा म्हणे लांबून आवाज ऐकून सांगायचा, हे माझं, हे माझं नव्हं. बाप धुळाजी गाड्या करायचा. चाकाच्या मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात आऱ्या ठोकायच्या, आऱ्यांवर पाट्या, आणि लोहारानं लाल करून आणलेली लोखंडी धाव वरून बसवून पाणी मारायचं. पाणी मारलं की धाव आवळत जायची आणि सगळं लाकूड करकर करत एक व्हायचं. धुळाजी म्हणायचा, चाक सुतार करत न्हाई, पानी करतं. त्या बदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य यायचं. पाटलाच्या खळ्यावर धुळाजी कधी बसून बोलला नाही. उभा राहायचा. त्याची दोन्ही पोरंही उभी राहायची. बद्रीनाथ थोरला आणि त्याच्याहून सात वर्षांनी लहान जालिंदर.

त्या उभं राहण्याचा कंटाळा येऊन बद्रीनाथ एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला, असं तो स्वतःला सांगायचा. खरं तर परभणीला भरती होती आणि सोबतची दोघंतिघं निघाली म्हणून तोही निघाला. सुतार आहे म्हटल्यावर त्याला खडकीला पूल बांधणाऱ्या आणि उडवणाऱ्या सॅपर पलटणीत घेतलं. पंधरा वर्षं तो फौजेत लाकूडकाम करत राहिला. पुलावर अंथरायच्या फळ्या, दारूगोळ्याची खोकी, साहेबांच्या तंबूतली टेबलं. पासष्ट साली पंजाबात तो तोफांचे आवाज ऐकत फळ्या कापत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यानं लहान लहान खोकी केली. जे गेले त्यांच्या वस्तू घरी पाठवायच्या होत्या. दाढीचं सामान, पत्रं, एखादा स्वेटर. प्रत्येक खोक्याचे कोपरे त्यानं खुंट्या मारून जोडले. खिळे मारले असते तरी चाललं असतं. पण हे तो घरी कधी बोलला नाही. सुटीवर आला की ओट्यावर माणसं जमायची, जालिंदर त्याच्या बुटांना पॉलिश करत बसायचा आणि विचारायचा, दादा, लढाईत तू काय केलंस? पहिल्या सुटीत बद्रीनाथ म्हणाला होता, लाकूडकाम. तेव्हा लोकांचे चेहरे पडले आणि जालिंदरचा हात बुटावर थांबला. दुसऱ्या सुटीत त्यानं एक पूल उडवल्याचं सांगितलं. पूल उडवला होता हे खरं होतं. तो दुसऱ्यांनी उडवला होता. बद्रीनाथनं फक्त त्यांच्या सामानाचं खोकं केलं होतं. पण सांगताना "आमी" म्हटलं की चालून गेलं, आणि पुढच्या सुटीत "आमी"चा "मी" कधी झाला ते त्यालाही कळलं नाही. जालिंदरनं तो पूल गावभर नेला. खळ्यावर, बाजारात, सासुरवाडीला. सिंधूला बघायला गेला तेव्हा म्हणे आपल्याबद्दल चार शब्द बोलला आणि दादाच्या पुलाबद्दल पंचवीस.

बहात्तरच्या उन्हाळ्यात बद्रीनाथ फौजेतून कायमचा घरी आला. बाप त्याआधीच वारला होता. वाकस, किकरं, पटाश्या ही त्याची हत्यारं जालिंदरनं तेल लावून जपून ठेवलेली होती, पण चाकांचं काम संपलं होतं. साखर कारखाना निघणार, ऊस वाहायला टायरच्या गाड्या येणार, म्हणून लोकांनी लाकडी चाकं करून घेणं थांबवलेलं. आणि मग पाऊसच आला नाही. मृग गेला, हस्ताचा हत्तीही कोरडा गेला. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. जालिंदर आणि बद्रीनाथही महिनाभर गेले. सुताराचा हात दगडावर चालवताना जालिंदरला हसू यायचं. तो कशालाही हसायचा. त्याच वेळी मोहनरावांनी सोसायटीची विहीर काढली. सगळ्या गावाची, सगळ्यांच्या श्रमाची, सहकाराची. पाणाड्यानं जागा दाखवली ती नेमकी मोहनरावांच्या बांधाला लागून; त्यावर कुणी काही बोललं नाही. माणसं आळीपाळीनं खणत चाळीस फूट खाली गेली आणि काळा पाषाण लागला. पहार मारली की ठिणगी उडायची, दगडाला ओरखडासुद्धा नाही. सुरुंग लावणारे वडार सगळे तलावाच्या सरकारी कामावर गेलेले. तालुक्याहून सोसायटीच्या नावानं जिलेटीनच्या कांड्या आल्या, वाती आल्या, टोप्या आल्या, आणि ते सगळं मोहनरावांच्या घरात तसंच पडून राहिलं.

चैत्रातल्या एका सकाळी मोहनराव सुताराच्या छपरात आले. स्वतः. पाटील आलेला आणि सुतार बसलेला, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. बद्रीनाथ धडपडून उठला, तर मोहनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि आपण उभे राहिले. म्हणाले, "बद्रीनाथ, तू पूल उडिवलेले हायेत. ही तर विहीर हाय." मागं जालिंदर उभा होता. त्याच्या तोंडावर असं काही तेज आलं होतं, की जणू पाटलाचा हात त्याच्याच खांद्यावर आहे.

त्या क्षणी सांगता आलं असतं. मालक, मी खोकी केलीत. बद्रीनाथनं पुढं चाळीस वर्षं ते वाक्य हजार वेळा उच्चारून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते सोपं होतं. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून निघालं, "बघू की."

अगदीच काही ठाऊक नव्हतं असंही नाही. खडकीला भरतीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनाच तीन दिवस शिकवलं होतं. उस्ताद लावायचा, पोरं लांबून बघायची. त्यातलं बरंच पुसून गेलं होतं. वाती कमीजास्त लांबीच्या कापायच्या हे आठवत होतं, म्हणजे सुरुंग एकेक करून उडतात आणि मोजता येतात. आणि उस्तादाचं एक वाक्य आठवत होतं, जे त्यानं तीनही दिवस सांगितलं होतं: "गिनती में कम, तो नीचे कोई नहीं जाएगा." बाकी बद्रीनाथनं आपल्या अकलेनं केलं. भोकं कुठं पाडायची हे कळेना, तेव्हा त्यानं विहिरीच्या तळाशी बसून मध्ये खडूनं तुंबा काढला आणि चाकाच्या आऱ्या आखाव्यात तशा आठ रेषा आखल्या. प्रत्येक रेषेच्या टोकाला एक भोक. सहा दिवस जालिंदरनं घण मारला आणि बद्रीनाथनं पहार धरली. वरच्या गोल आभाळातून दुपारचं ऊन सरळ खाली यायचं. घाम पुसता पुसता जालिंदर म्हणायचा की दादा, पोरगं झालं की त्याला आधी ही विहीर दाखवायची. सिंधूला तेव्हा पाचवा महिना होता.

"बाबा?" बंकट म्हणाला. बशी रिकामी झाली होती. बद्रीनाथनं त्याच्याकडं पाहिलं. तरुण, भरल्या अंगाचा पोरगा, मनगटाला लाल दोरा, चांगला पोरगा. उद्या सकाळी यंत्रावर कोण असणार? कुणीतरी लांबून आलेली पोरं असतील, पोटापाण्यापायी. यंत्राचं दातेरी टोक दगडात घुसताना ती वर वाकून उभी असतील. आणि चाकाच्या आठ आऱ्यांपैकी एकीच्या टोकाशी...

त्या दिवशी ऊन कलायला लागलेलं. सगळं गाव बांधापलीकडं बसलेलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन बाभळीखाली. त्यांच्यात सिंधू होती, बद्रीनाथची बायको केशरबाई होती. बद्रीनाथनं वाती पेटवल्या आणि दोराच्या शिडीनं वर आला. पळत बांधामागं जाऊन पडला. पहिला. जमीन पोटाखालून उचलल्यासारखी झाली. दुसरा, तिसरा. बायका कानांवर हात ठेवून, पोरं ओरडतायत. चौथा मोठा. फार मोठा; तेव्हाच त्याच्या मनात आलं की हे दोन एकदम असतील. पाचवा. मग बराच वेळ काही नाही, आणि सहावा. आणि मग वरून पडणाऱ्या कपच्यांचा आवाज, तोही संपला. सहा. चौथा दोन धरला तर सात. तो पडल्या पडल्या वाट पाहत होता. उन्हात काही हलत नव्हतं. विहिरीच्या तोंडातून धूर सरळ वर चालला होता. किती वेळ गेला? पाच मिनिटं असतील, सात असतील. तेवढ्यात मोहनरावांचा गडी कुणी सांगायच्या आत विहिरीच्या कडेला जाऊन वाकला आणि त्यानं बोंब ठोकली, पानी! खालून पानी येतंय! आणि सगळं गाव उठलं. बायका घागरी घेऊन धावल्या. कुणी रडत होतं. मोहनराव दोन्ही हात वर करून उभे होते. आणि जालिंदर शिडीच्या दोरावर हात ठेवून वळला, आणि त्यानं विचारलं,

"दादा, समदे उडाले ना?"

सगळे थांबले होते. पाटील बद्रीनाथकडं बघत होते, गाव बघत होतं. कुणालाही एवढंच ऐकायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावाला एका सुताराच्या तोंडचा शब्द हवा होता. थांबा म्हणायचं होतं. अर्धा तास थांबा. अर्ध्या तासानं पाणी कुठं पळून जाणार नव्हतं.

"उडाले," बद्रीनाथ म्हणाला.

जालिंदर उतरला. त्याचं डोकं दिसेनासं झालं. खालून ओंजळीनं पाणी घेतल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा आवाज, विहिरीत घुमून मोठा झालेला: "दादा, गोड हाय." त्यानंतर सातवा उडाला.

पुढचं सगळं बद्रीनाथला एखाद्या दुसऱ्यानं सांगितल्यासारखं आठवायचं. फौजदार आला, पंचनामा झाला, अपघात लिहिला गेला. बद्रीनाथला कुणी काही विचारलं नाही. उलट जो तो येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. भाऊ गेला बिचाऱ्याचा. गावासाठी गेला. तीन दिवसांत विहिरीला दोन माणूस पाणी आलं, आणि आठवा कुठं गेला हे विचारायला कुणी उरलं नाही. किंवा तो गेला असेल, चौथ्यासोबत गेला असेल. पण चौथा खरंच दोन होता का? ते दोन होते असं त्याला आधी वाटलं होतं, की सहाव्यानंतर, गरज पडल्यावर वाटलं? हे त्याला चाळीस वर्षांत ठरवता आलं नाही. त्या पाण्यावर गाव जगलं हे खरं. दुसऱ्या वर्षी पाऊस पडला, विहिरीवर इंजिन बसलं आणि मोहनरावांच्या बांधाला ऊस उभा राहिला हेही खरं. कारखान्याच्या पहिल्या गाळपाच्या दिवशी मोहनरावांनी बद्रीनाथला बोलावून शेजारी खुर्चीवर बसवलं. तो बसला. धुळाजीचा पोरगा पाटलाशेजारी खुर्चीवर बसला, आणि त्याला वाटत राहिलं की कुणीतरी आपल्याला आत्ता, इथं, सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारावा.

शिवकन्या श्रावणात झाली. बद्रीनाथ-केशरबाईंना मूल नव्हतं. त्यानं सगळं घर उचलून अंबाजोगाईला आणलं, एका फर्निचरच्या दुकानात कामाला लागला, शाळांचे बाक केले, दारं केली. पोरीला शिकवलं, मास्तरीण केली. लोक म्हणाले, असा चुलता मिळायला भाग्य लागतं. शिवकन्या त्याला मोठे बाबा म्हणायची. तिला एवढंच ठाऊक होतं की आपले वडील विहिरीच्या कामात गेले, आणि ते खोटं नव्हतं. केशरबाईला त्यानं एकदा सांगायचं ठरवलं होतं. ती कणीक मळत होती. तो म्हणाला, त्या दिवशीचं तुला एक सांगायचं हाय. कोणत्या दिवशीचं ते तिनं विचारलंच नाही, म्हणाली, "नका सांगू." आणि कणीक मळत राहिली. तिला जाऊनही आता आठ वर्षं झाली. सिंधुबाईशी तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून ती त्याच्याशी थेट एक वाक्य बोलली नव्हती. ताट वाढून सरकवायची, पोरीला सांगायची, विचार बाबांना आणखी काय पाहिजे. ती रीतच होती. पण त्या रीतीच्या आडून ती आपल्याकडं बघते आहे, असं त्याला कधी कधी वाटायचं. आणि आपण बघितलं की तिथं फक्त पदर असायचा.

"काय झालं, मोठे बाबा?" शिवकन्यानं पेपरातून डोकं वर काढून विचारलं. "बरं वाटत न्हाई का?"

तो बोलायला लागला तेव्हा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "बंकट," तो म्हणाला, "आठ भरले व्हते. सहा उडाले. सातवा जालिंदर उतरल्यावर उडाला. आठवा तितंच आसंल."

बोलून झालं. इतकंच होतं ते. एका श्वासात मावणारं. बद्रीनाथला वाटलं होतं की ते बाहेर पडलं की काहीतरी कोसळेल. खोलीत पंखा फिरत होता. शिवकन्याच्या हातातला लाल पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला होता. त्यानं तिकडं बघितलं नाही, त्याला बघता येईना. शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

बंकट हसला. वाईट नाही हसला. म्हाताऱ्या माणसाला समजून घ्यावं तसं हसला. चाळीस वर्षं पाण्यात राहिलेली कांडी म्हणजे आता माती झालेली असणार, तो म्हणाला, त्यात काय दम राहिलाय. कंप्रेसरवाला असंच म्हणत होता, नुसतं आपलं विचारून ठेवलं. आणि बाबांच्याही वयाचा परिणाम असतो, इतक्या वर्षांचं नक्की आठवतं का कुणाला? बद्रीनाथ म्हणाला की मला आठवतं. मी मोजले होते. पाण्यात राहिलेलं कसं वागेल ते कुणी सांगू शकत नाही, यंत्र लावू नका, तालुक्याहून जाणता माणूस आणा. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि सांगताना त्याला कळत होतं की आपला शब्द आपल्याच हातात भुसभुशीत होतोय, किडलेल्या लाकडासारखा. एकदा मोजणी डावलून बोललेला शब्द गावानं डोळे झाकून उचलला होता. आज मोजून बोललेला कुणी उचलत नव्हतं. बंकट घड्याळ बघत उठला. "बघू, बाबा," म्हणाला. "तुमी काळजी करू नका. उद्या सातला गाडी येती."

"बंकट, मशीन थांबीव."

आवाज उंबऱ्यातून आला. बद्रीनाथला आधी तो कुणाचा हेच कळलं नाही. सिंधुबाई उठून उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंडावरून मागं गेला होता. तिचा चेहरा असा समोरून त्यानं कधी पाहिला नव्हता. म्हातारी झाली होती.

"मी बी मोजले व्हते," ती म्हणाली. "बाभळीखाली बसले व्हते मी. सहाच झाले. चौथा मोठा व्हता, पर एकच व्हता. ह्ये मानूस खरं सांगतंय. मशीन थांबीव, न्हाईतर उद्या मी यीन आन् मी बसन विहिरीत."

बंकट दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यानं फोन लावला. त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. पलीकडून कुणीतरी चिडलं होतं. यंत्राचं काय करायचं, गावात टँकर चार दिवसांतून एकदा येतोय, बायका वाट बघतायत, तुझा म्हातारा आत्ताच कसा बोलला. बंकट म्हणत होता की नाही, नाही, उद्या नको, दोघंही सांगतायत. बराच वेळ तो तेच म्हणत राहिला. शेवटी आत येऊन म्हणाला, काम थांबवलं. आता जाणता माणूस कधी मिळतो आणि कधी पाणी लागतं ते देवाला ठाऊक. जाताना तो नेहमीसारखा वाकून पाया पडला नाही. विसरला असेल.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. तिघंही होते तिथंच होते. बद्रीनाथला वाटलं आता शिवकन्या आपल्याकडं वळेल. तिनं वळावं, काहीही म्हणावं. पण ती आईकडं बघत होती. ती बोलली तेव्हा शाळेतली भाषा गेली होती, लहानपणीची गावची भाषा आली होती.

"मग तू तवाच कावून बोलली न्हाईस?"

सिंधुबाई खाली बसली. सूप जवळ ओढलं. बोलायची सवय नव्हती म्हणून शब्द एकेक करून येत होते.

"मी कदी शाळेत गेलते?" ती म्हणाली. "ह्ये फौजेतले. पूल उडिवलेले. तुजा बाप रोज सांगायचा. मी सहा मोजले, आन् ह्यांनी म्हनलं उडाले, तवा मला वाटलं माजंच चुकलं. दहाच्या फुडं तर मला आजून बी येत न्हाई." तिनं सुपातल्या शेंगा सारख्या केल्या. "तोंड उघडलं व्हतं मी. मंग वाटलं, लोक हासतील."

"आन् नंतर?" शिवकन्यानं विचारलं. "चाळीस वर्सं?"

"नंतर कुनाला इचारायचं? ह्यांना इचारलं असतं, सहाच झालते ना, तर ह्यांनी हा म्हनलं असतं. ह्ये खोटं बोलनारे न्हाईत." सिंधुबाईनं एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "मंग तुला घिऊन मी कुठं जानार व्हते?"

बद्रीनाथ भिंतीला टेकला. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की त्या दुपारी फक्त आपणच मोजत होतो. सगळ्या गावात एकटे आपण. त्याला तिला सांगायचं होतं; काय सांगायचं होतं ते नीट ठाऊक नव्हतं. पाया पडावं तर रीत आडवी येत होती, रडावं तर डोळ्यांत काही नव्हतं. शब्द शोधता शोधता हाताला एकच लागला, तोच त्यानं पुढं केला.

"तुजं बरोबर व्हतं," तो म्हणाला. "सहाच व्हते. तुजं मोजनं बरोबर व्हतं."

सिंधुबाईनं मान वर केली. ती त्याच्याकडं पाहत राहिली, आणि तिच्या तोंडावर राग आला नाही, दुःखही आलं नाही. एखादीला बरोबर उत्तर आलेलं असावं आणि ते कुणीच तपासलेलं नसावं, तसं काहीतरी क्षणभर येऊन गेलं. मग तिनं पदर पुढं ओढला, आणि शिवकन्याला म्हणाली, "बाबांना इचार, जेवन आत्ता वाढू का थोड्या येळानं."